गाईने चाटलेली सोल्यांची भाजी

ड्यूटी संपवून घरी आले, तर फाटकाशी गल्लीतली गाय उभी होती आणि माझी सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी चाटत होती. चावत नव्हती, चाटत होती, कारण भाजी विटेसारखी टणक होती. बाजूला वरणाचा चौकोनी गठ्ठा पडला होता, त्याला अजून डब्याचा आकार होता. डाळभाजी वितळून नालीकडे निघाली होती. मी गाडी स्टँडवर लावायची विसरले आणि ती माझ्याच पायावर कलंडली.

नवरा राजूरच्या कोळसा खाणीत, पाळ्या सारख्या बदलणाऱ्या. मी वणीतल्या एका दवाखान्यात नर्स. मुलगी झाल्यावर सुटलेली नोकरी नुकतीच परत मिळाली होती, तीही दोन भरवशांवर. मुलीला सांभाळायला केळापूरकडच्या गावाहून आलेल्या सासूबाई, आणि रविवारी रांधून फ्रीजरमध्ये लावलेले आठवड्याचे डबे. त्यातला एक भरवसा दुसऱ्याला गाईपुढे ओतून मोकळा झाला होता.

सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन ओट्यावर निवांत बसल्या होत्या.

"आई, हे काय केलं तुमी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काहून? गाईले घातलं. किती शिळं जमवून ठेवलं होतं वो! मले वाटलं, तुले टाकाले टाइम भेटत नाही. म्हनलं, आपनच मोकळं करून टाकू."

त्यांच्या घरी उरलंसुरलं सगळं गाईच्या घमेल्यात जातं. एवढे डबे साचले म्हणजे सून आळशी आहे, इतकाच अर्थ त्यांनी लावला. यात त्यांची काय चूक? पण तेव्हा मला इतकं शहाणपण सुचलं नाही. मी संतापले होते.

"ते गाईचं नव्हतं, आई. आपलं होतं. रोज तेच तं खातो आपन."

"कालचं सोले-वांगं?"

"त्यातलंच."

"जे म्या मागून मागून खाल्लं?"

"हो."

"अन् सकाळी देवाले दाखवलं, ते?"

हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. सकाळी मी डबा गरम करायची, ताट वाढून ठेवायची आणि पळायची. वाफ दिसली की त्यांना वाटायचं, आत्ताच रांधलं. त्याच ताटातला नैवेद्य त्या रोज देवापुढे ठेवत होत्या. आयुष्यात शिळ्याला हात न लावलेली बाई, आणि मी तिच्या देवालाही शिळं खाऊ घातलं होतं.

त्यांनी मुलगी माझ्याकडे दिली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांची पिशवी भरून दाराशी आली होती. नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं. मला रडू फुटलं. आठवड्याचं रांधणं मातीत आणि वर पापही माझ्याच माथ्यावर!

गावाकडची गाडी सकाळीच होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, उशिरापर्यंत देवापुढे बसून होत्या. सकाळी मात्र चहा घेता घेता एकदम म्हणाल्या, "रविवारी तू रांधतं, तवा ते ताजंच असते ना?"

"हो, आई."

"मंग तवाच सारं देवापुढं ठेवाचं. त्यानं खाल्लं का परसाद झाला. अन् परसाद कवा शिळा होते काय?"

ही बाई माझ्यावर रुसून बसली आहे असं मी समजत होते, आणि ती देवाशी वाद घालून त्याला पटवत होती!

"तुमी राह्यसान ना मंग?" मी विचारलं.

"पाहू दे आधी, कशी करतं ते," त्या म्हणाल्या. पिशवी दाराशीच राहिली. मी रजा टाकली आणि रविवारची वाट बघत बसले.

रविवारी मी रांधलं. उघडे डबे देवापुढे मांडले, वाफा निघत होत्या. सासूबाईंनी डब्यांभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. माझं सगळं लक्ष दाराकडच्या पिशवीवर.

मग त्या उठल्या. झाकणं स्वतः लावली. एक डबा मात्र माझ्या हातातून काढून घेतला.

"हा बर्फात नको ठेवू. गाईचा हाय. त्या दिशी बिचारीचे दात ठनकले असतीन."

आणि पिशवीतली लुगडी काढून त्यांनी पुन्हा दांडीवर टाकली. सोमवारी मी ड्यूटीवर गेले.