ओल्या लाकडाची पोपटी

नीलिमा खानविलकर एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम्स बघते. वय एक्कावन्न, राहायला भाईंदर पश्चिमेला. मागच्या वर्षी ती ऑफिसच्या ग्रुपबरोबर उत्तराखंडात ट्रेकला गेली आणि बर्फात तिची बोटं अशी बधिर झाली, की काडेपेटीतून साधी काडी निघेना. गाइडने तिच्या हातातून पेटी घेतली, ओल्या लाकडांचाच जाळ केला आणि तिला लहान मुलासारखं शेजारी बसवलं. कोणी हसलं नाही, पण तिला ते लागलं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला, परागला सांगितलं, "मला हे शिकायचंय. थंडीत, ओल्या लाकडावर."

"भाईंदरमध्ये? इथे थंडी कुठून आणणार तू?" पराग म्हणाला.

थंडी तिने फ्रीजमधून आणली. डिसेंबरपासून दर रविवारी पहाटे ती काशीगावच्या एका वाडीवर जाऊ लागली. ही वाडी मंदामावशी राखते. मावशी मूळची रायगडची, पासष्टीची, आणि नीलिमा कैक वर्षं तिच्याकडून भाजी घेते. नीलिमा थर्मासमधून बर्फ न्यायची, बादलीत ओतायची, कोपरापर्यंत हात बुडवून बसायची आणि मग लोखंडाच्या पट्टीवर चकमक घासायची. ठिणग्या उडायच्या, पण जाळ काही व्हायचा नाही.

मावशी दोन रविवार नुसती बघत राहिली. तिसऱ्या रविवारी कोयता घेऊन आली.

"बाय, हात कशाला गोठवतेस? आधी लाकूड तर वळख." तिने एक ओला ओंडका उभा चिरला. आतला गाभा कोरडा ठणठणीत होता. "वरनं वलं हाय, आतनं न्हाय. ह्याच्या पातळ साली काढ. आन घाई करू नको. करंगळीएवढं, अंगठ्याएवढं, मनगटाएवढं, समदं आधी जवळ रचून ठेव. जाळ लागल्यावर शोधत बसशील तर तो थांबत न्हाय."

नारळाच्या सोडणाचा काथ्या कसा पिंजायचा, तेही मावशीनेच दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा जाळ झाला आणि दोघींनी त्यावर चहा केला. बर्फाची बादली मात्र नीलिमाने सोडली नाही.

जानेवारीत एका शनिवारी अवकाळी पाऊस झाला. रविवारी पहाटे हवा चांगलीच गार होती आणि वाडी चिंब. नीलिमा पोचली तेव्हा मावशी अंगाभोवती चादर गुंडाळून दारात उभी होती.

"आज कशाला आलीस? चुलीचं लाकूडपण भिजलंय माझं."

"म्हणूनच आले," नीलिमा म्हणाली.

 मावशी आत गेली आणि एक मडकं घेऊन आली. "वालाच्या शेंगा काढल्यात काल. पेटव. मडक्यात भाजून पोपटी लावू."

नीलिमा दीड तास खपली. ओंडके चिरले, गाभा सोलला, काथ्या कुडत्याच्या आत पोटाशी धरून उबवला. दोनदा जाळ धरला आणि विझला. दुसऱ्यांदा विझला तेव्हा मावशी उठायला लागली, तशी नीलिमा म्हणाली, "नको मावशी. बसा तुम्ही." तिने रचलेलं सगळं मोडलं, खाली सालींची जाड गादी केली, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही, आणि पुन्हा चकमक घासली. काथ्याने ठिणगी धरली. ती वाकून हळूहळू फुंकत राहिली. साली पेटल्या, मग करंगळीएवढ्या काटक्या, मग अंगठ्याएवढ्या.

मावशीने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. तोंड पाल्यानेच दाबून बंद केलं आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ ओढला.

पराग तिला न्यायला स्कूटरवर आला तेव्हा मडकं नुकतंच उघडलं होतं. तो उकिडवा बसला, एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि लगेच दुसरी उचलली.

"हे तू पेटवलंस?" त्याने विचारलं.

"तिनंच," मावशी म्हणाली. "मी फकस्त बसलेली."

घरी आल्यावर नीलिमाने आंघोळ पुढे ढकलली. केसांना धुराचा आणि भांबुर्ड्याचा वास होता. तशीच ती गॅलरीतल्या उन्हात खुर्ची टाकून बसली आणि बसल्या बसल्या तिला गाढ झोप लागली.