साडूभाऊंचं गारखेड्यातलं विमान

आमच्या अख्ख्या शहरात जमिनीपासून वीतभरही वर न जाता वैमानिक म्हणून गाजलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझाच साडू निघावा, याचं दुःख मी कुणाला सांगू? विमान उडवायचं खरंखुरं लायसन माझ्याकडं होतं. त्यापायी कित्येक वर्षांचे रविवार मी घालवले होते. साडूभाऊंकडं गारखेड्यातल्या घरात, माडीवरच्या खोलीत, विमान उडवायच्या खेळाचा एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेली एक दांडी आणि जुन्या जीपची सीट, एवढंच. तरी पाहुणे आले की माझी बायको त्यांना थेट तिच्या धाकट्या बहिणीकडं न्यायची. "ह्यांचं विमान कधी दिसत नाय," म्हणायची, "तिथं निदान बसायला तरी मिळतं."

आणि बसवायचं तरी कसं! उड्डाणाआधी साडूभाऊ केस विंचरत, पंखा पाचवर करत, पाहुण्यांना कमरेला ओढणी बांधायला लावत. मग जाहीर करत, "मंडळी, खाली डाव्या हाताला खुलताबाद!" सगळे डावीकडं वाकून बघत. डावीकडं कपड्यांचं कपाट होतं. दिवस दुष्काळाचे, चहूकडं नव्या सोसायट्या उठत होत्या आणि जुन्यांचे नळ कोरडे पडले होते. एकदा विमान नागपूरच्या वाटेवर असताना त्यांच्या बायकोनं खालून हाक मारली, "अहो, टँकर आला!" साडूभाऊंनी विमान आपोआप चालेल असं केलं, प्रवाशांची माफी मागितली आणि हंडे घेऊन पळाले. परत आले तोवर नागपूर मागं पडलं होतं, पण पाहुण्यांपैकी एकही जण जागचा हलला नव्हता. माझ्या लायसनकडं कुणी इतका वेळ बघितलं नव्हतं.

शेवटी मी त्यांना खऱ्या विमानातून न्यायचं ठरवलं. त्यांनी जरा घाबरावं आणि चारचौघांत तसं कबूल करावं, एवढीच माझी साधी इच्छा. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानात ते माझ्या शेजारी बसले. चाकं जमिनीवरून सुटली आणि त्यांची बडबड थांबली. करमाडवरून गेलो. खाली तळ्यांचे भेगाळलेले तळ, आणि त्यांना लागूनच पांढऱ्या फक्कीनं आखलेले प्लॉट.

"धरता का दांडी?" मी विचारलं.

"नको दाजी. मला बघू द्या. लई बघायचंय."

त्यांचे डोळे भरले होते. भीती कुठंच नव्हती. मी इतकी वर्षं समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून उडत आलो, आणि ह्या माणसानं पहिल्याच फेरीत सगळं आभाळ घेतलं. पुन्हा जळलो.

उतरण्याआधी विमानतळाच्या टॉवरला विचारून गारखेड्यावरून वळलो. अख्खी गल्ली गच्च्यांवर चढली होती. लाल, पिवळं काहीबाही हलत होतं. माझ्यासाठी आजवर कुणी गच्चीवर चढलं नव्हतं.

साडूभाऊंनी काचेला नाक लावलं. मग माझ्याकडं वळून बघितलं, आणि पुन्हा खाली.

"दाजी, त्या बघा ताई! तुमालाच हात करायल्यात!"

"मला? माझी बायको?"

"व्हय तर! मी वळखतो की."

त्या उंचीवरून बाई कोण आणि बाप्या कोण, हेसुद्धा कळत नाही. तरी मी डावा पंख हळूच झुकवला.