माझ्या नावाची बाळंतीण

मी बाळंतीण झाले ती सासूबाईंच्या हुकमानं. पोट नाही, कळा नाहीत, काही नाही. डोक्याला फडकं बांधलं, कानात कापूस कोंबला, शेगडीवर ओवा-शेपा टाकून मला धुरी दिली आणि म्हणाल्या, "बस आता बाजंवर. तोंड जरा उतरल्यावानी कर."

तोंड उतरवायला मला कष्ट पडले नाहीत. भीतीनं ते आधीच उतरलं होतं.

खरी बाळंतीण आतल्या खोलीत, पडद्यामागं. वर्षाराणी, माझ्या सासूबाईंच्या भावाची पोरगी. सतरा वर्षांची. लोह्याकडच्या खेड्यातली. ही पोरगी शिट्टी वाजवायची, बरं का! बापाचा मार खाल्ला तरी वाजवायची. शाळेत खो-खोत तिला कुणी गाठू शकत नव्हतं. दहावी झाली आणि 'पोरगा चांगला हाय, हातचा जाईल' म्हणून लग्न उरकलं. पोरगा खरंच चांगला. सुदर्शन नाव त्याचं, विष्णुपुरीकडं सेंट्रिंगच्या कामावर जायचा आणि येताना तिच्यासाठी पिशवीत पाणीपुरी बांधून आणायचा. पुऱ्या पार मऊ पडायच्या, तरी ती खायची.

दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तेव्हा गावातल्या कुणा शहाण्यानं सांगितलं की अठराच्या आतली पोर दवाखान्यात नेली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नवरा आत, बाप आत, लग्न लावणारे सगळे आत. झालं! घरात मयत झाल्यासारखी कळा आली. रातोरात ठरलं, आणि तिला मुदखेडला आमच्याकडं आणून टाकलं. आम्ही स्टेशनच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत नवीनच आलेलो. इथं आम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या आणि नाव सांगितलं माझं. रेणुका, नवऱ्याचं नाव भागवत, वय चोवीस. आधार कार्डही माझंच. त्यावरचा फोटो इतका काळा आलाय की मला मीच ओळखू येत नाही, तिथं गर्दीत कोण बघतंय? मी घरी भाकऱ्या थापत होते आणि तिकडं मला मुलगा झाला. माझ्या लग्नाला पाच वर्षं झालीत आणि माझी कूस काही उजवली नाही, म्हणून सांगते, ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

एवढी डोकी एकत्र बसली, पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. बाई दवाखान्यात बाळंत झाली की सरकार तिला तसंच सोडत नाही. आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, घरी येते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा येते. बाळाचं वजन बघते, आईचं दुखणंखुपणं विचारते.

तर बाळ घरी आलं आणि लगेच दारात लुंबिनीताई, आमच्या भागातल्या आशा. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी. "रेणुकाताई हायत का घरात? बाळ बघायला आले."

सासूबाईंनी मला हाताला धरून बाजेवर ढकललं आणि वर्षाराणीच्या छातीचं बाळ ओढून माझ्या मांडीत टाकलं. ते पीत होतं. ओठाला दूध तसंच. मी ते पदरानं पुसून टाकलं.

लुंबिनीताईंनी बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्याला टांगलं, नाळ बघितली, पायाच्या तळव्यांना हात लावला. मग माझ्याकडं वळल्या. "पाजा बरं जरा, मला बघू द्या नीट धरता का."

"आत्ताच पाजलंय," सासूबाई म्हणाल्या.

"अंगावरून किती जातंय? ताप? चक्कर? छातीत गाठी?"

"काही न्हाई," मी म्हणाले. खरंच सांगितलं. मला काहीच होत नव्हतं!

त्या छान समजावून सांगायच्या. बाळाला कसं धरायचं, कोणता त्रास झाला की घरात थांबायचं नाही. सगळं मला. आणि जिला ते हवं होतं ती पडद्यामागं तोंडात पदर कोंबून बसलेली. तिला तर बाळाला धरायचंही नीट येत नव्हतं. छाती भरून दगड झाली की रडायची. मला विचारायची, "वहिनी, असं सगळ्यांनाच होतं का?" मला काय माहीत, कपाळ माझं!

शिट्टी तर गेलीच होती, आवाजही गेला. दार वाजलं की ही आधी बाळाचं तोंड दाबायला धावायची. मी एकदा हात झटकला तिचा. "अगं मारशील त्याला!" तर मला म्हणाली, "वहिनी, पोलीस आले तर यांना मारतील का?" रोज तोच प्रश्न.

मग तिला ताप भरला.

"दुधाचा ताप हाय. येतोच," सासूबाई म्हणाल्या. शेगडी आणखी जवळ ओढली, पोटाचा पट्टा आणखी आवळला, डिंकाचा लाडू पुढं केला. पोरगी लाडवाकडं बघेना. थंडीनं अशी हुडहुडायची की बाजेचे पाय फरशीवर वाजायचे. अंगाला वास यायला लागला. मी कपडे धुवायला घेतले आणि वासानं मला उलटी झाली. मी भागवतला म्हणाले, हिला दवाखान्यात न्या. तो म्हणाला, "कोणत्या नावानं नेऊ? तुझ्या? आणि मेली तिथं, तर मेलं कोण म्हणून सांगू?" असं बोलला आणि स्वतःच डोकं धरून खाली बसला.

त्या वाक्यानं माझी झोपच उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीताई आल्या. पुन्हा फडकं, पुन्हा कापूस, पुन्हा बाळ माझ्या मांडीत. सासूबाई पडद्याला पाठ लावून उभ्या. आत बाज वाजत होती. सासूबाई मोठमोठ्यानं खोकायला लागल्या.

"ताप वगैरे?" लुंबिनीताईंनी विचारलं.

सासूबाई डोळे वटारून बघत होत्या.

"हाव," मी म्हणाले. "ताप हाय."

"कशाचा ताप!" सासूबाई ओरडल्या. "चांगली धडधाकट हाय की!"

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "लई थंडी वाजते, ताई. ओटीपोट दुखतंय, हात लावू देत न्हाई. अंगावरून जातंय त्याला घाण वास हाय. रातभर बरळत व्हते मी. बाळाला घ्यायचीबी ताकद ऱ्हायली न्हाई."

लुंबिनीताईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग काखेत थर्मामीटर लावला. तो वाजला. त्यांनी बघितलं, आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"रेणुकाताई, तुमचं अंग तर गार हाय."

"असू द्या. तरी ताप हाय," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. "लई हाय, ताई. आज काही केलं न्हाई तर ती मरून जाईल."

'ती' म्हणाले मी. माझ्या ध्यानातही आलं नाही. लुंबिनीताई उठल्या आणि पडद्याकडं निघाल्या. सासूबाईंनी दोन्ही हात आडवे लावले. "आत काही न्हाई! आत देव हायत आमचे!"

"कस्तुराबाई," लुंबिनीताई सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "मी पोलीस न्हाई. पण खोटंबी सांगत न्हाई. दवाखान्यात वय विचारतील आणि पुढचं पुढं व्हईल, ते माझ्या हातात न्हाई. आतली बाई मात्र अशानं हातची जाती. मी दोन बघितल्यात तशा."

माझी सासू लई कडक बाई. पण तिचे हात असे खाली आले की बघवेना. तिथंच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझ्या भावाला बेड्या घालतील की गं, बाई."

पडदा मीच उचलला. लुंबिनीताईंनी तिच्या अंगाला हात लावला आणि लगेच फोन काढून गाडी बोलावली.

गाडीत वर्षाराणीचं डोकं माझ्या खांद्यावर. अंग तव्यासारखं तापलेलं. बाळ माझ्या दुसऱ्या हातात. समोर सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, आणि मधेच थांबून मला दबक्या आवाजात म्हणायच्या, "नाव तुझंच सांगू. ऐकतीस का? तुझंच सांगू." मी बाळ आणखी जवळ घेतलं. मलाही पोलिसांचं भ्या होतं. माझं नाव, माझं कार्ड. मीही आत जाणार होते की.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"रेणुका," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई."

आम्ही वळून बघितलं. डोळे धड उघडत नव्हते पोरीचे, ओठ फुटलेले. पण बोलली ती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "म्या वर्षाराणी. सतरा वर्सांची हाय."

"गप, पोरी!" सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "सुदर्शनाला नेतील ना गं!"

तिनं तो हात बाजूला केला. "नेऊ द्या, आत्या. मला पोलिसांचं लई भ्या हाय. पण म्या रेणुकावहिनी म्हणून मेले, तर माझं बाळ वहिनीचंच ऱ्हाईल. त्याला कोण सांगंल, तुझी आई मेली म्हणून?"

मी बाळ धरून तिथंच उभी. खोटं कशाला बोलू, या दिवसांत ते मांडीत आलं की मला सोडवत नव्हतं. तिनं ते कधी पाहिलं असेल? पडद्याला भोक होतं का? नर्सबाई तिला आत न्यायला लागल्या तेव्हा मी बाळ तिच्या कुशीत नेऊन ठेवलं, आणि ते मला परत घ्यावं लागलं, कारण आत नेऊ देत नव्हते.

दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. पोलीस आले, सुदर्शनला घेऊन गेले, तिच्या बापाला बोलावणं गेलं. सासूबाई कोपऱ्यात बसून मला शिव्या देत होत्या आणि त्याच तोंडानं पोरीसाठी नवस बोलत होत्या. लुंबिनीताई येऊन माझ्याजवळ बसायच्या.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. उशाशी बाई-पोलीस कागद घेऊन बसलेली. वर्दी दिसली तशी ती पांढरीफटक पडली, माझा हात तिनं असा आवळला की बांगडी पिचली. मला वाटलं, आता ही सुदर्शनचं विचारणार. काय सांगू?

"वहिनी," ती म्हणाली, "बाळाची आई कोण लिवली?"

बाई-पोलिसानं मान वर केली. मी म्हणाले, "तू."