माद्यांच्या शेपटीवरच्या खुणा

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. कॉलेजात सगळे मला काटेकोर म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडतं — खरं कारण एवढंच.

यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. पीएच.डी.ही तिथेच केली. ज्या मुलांचं चित्त एका जागी ठरत नाही, त्यांना डॉक्टर एक उत्तेजक औषध देतात. ते खूप काळ घेतलं तर नर आणि मादी दोघांवर सारखाच परिणाम होतो का, हे मला पांढऱ्या उंदरांवर पाहायचं होतं. निम्म्या नरांना रोज औषध, निम्म्यांना साधं पाणी. माद्यांचंही तसंच. कित्येक महिने. मग एकेकाला मोकळ्या पेटीत सोडायचं आणि तो किती धावतो ते मोजायचं.

औषधवाला कोण, पाणीवाला कोण, हे कळायला शेपटीवर मार्करने खूण करतात. ती टिकत नाही, पुन्हापुन्हा करावी लागते. नरांची मी वेळेवर करायची. माद्यांची — उद्या करू, परवा करू. माद्यांचं काम मागे पडतंच, आणि हे मी बाई असून म्हणते आहे.

मे महिना होता. यवतमाळचा मे. भर दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला आणि खोलीतले सगळे उंदीर धापा टाकायला लागले. मी घाईघाईने पिंजरे रिकामे केले, सगळे नर एका टबात, सगळ्या माद्या दुसऱ्या टबात घातल्या आणि खालच्या थंड खोलीत नेल्या. जीव वाचले. एवढं तरी धड झालं. संध्याकाळी परत पिंजऱ्यांत ठेवायला गेले तर नरांच्या खुणा जागच्या जागी, माद्यांच्या — शेपट्या कोऱ्या.

काय करायला हवं होतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्या गाईड सरांकडे जायचं आणि सांगायचं, माद्यांचं काम वाया गेलं, पुन्हा सुरुवात करते. पण कॉलेजात एक जागा निघणार होती. पदवी हातात नसती तर ती दुसऱ्या कुणाला गेली असती. मी अंदाजपंचे अर्ध्या माद्या इकडे ठेवल्या, अर्ध्या तिकडे. नव्या खुणा केल्या. चांगल्या ठळक.

मग व्हायचं तेच झालं. औषधवाले नर पाणीवाल्यांपेक्षा जास्त धावले. माद्यांत फरकच दिसेना — दिसणार कुठून? दोन्हीकडे सरमिसळ. सरांनी निष्कर्ष काढला की हे औषध माद्यांना बाधत नाही. कारणही त्यांनीच शोधून दिलं: मादीची हार्मोन्स. इतकं छान समजावलं की क्षणभर मलाही पटलं. पदवी मिळाली. जागाही मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर? तर उंदरांना फसवून कुणाचं काय गेलं, असं म्हणून मी निवांत राहिले असते. स्वतःला मी ओळखते.

पण फरहीन आली. पुसदची, गॅरेजवाल्याची मुलगी, सरांची पुढची विद्यार्थिनी. उंदराला न घाबरवता कसं धरायचं, हे मीच तिला शिकवलं. सरांनी तिला माझंच काम पुढे न्यायला सांगितलं होतं. आणि तिच्या औषधवाल्या माद्या धावल्या. नरांपेक्षाही जास्त.

"ताई, माह्या माद्या थांबूनच नाही राह्यल्या," ती म्हणाली. "तुमच्या तं शांत होत्या नं? मी काही चुकून राह्यली काय?"

खरं सांगणं किती सोपं होतं — एक वाक्य. मी म्हणाले, "मोजण्यात चुकत असशील. पुन्हा कर."

तिने सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. सरांनी तिला माझ्यादेखत झापलं: हात कच्चा आहे, लक्ष नाही, हिच्याकडून शिक जरा. फरहीनने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? समोरचा पेन उचलला आणि त्याला टोपण लावलं. लाज वाटली, खूप वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडतंच असं नाही.

काही दिवसांनी तिने पीएच.डी. सोडली. जाताना मुद्दाम मला भेटायला आली. रागावलेली असती तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या ताई, माह्याच डोयात खोट असंन," ती म्हणाली. "मले जे दिसते, थे तसं नसतेच. तुमी मले लई समजून घेतलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काळजी घे म्हणाले.

खोट तिच्या डोळ्यांत नव्हती. हे तिला सांगायला मी आजवर गेलेले नाही. यवतमाळहून पुसदला दिवसभर बसगाड्या असतात.