मावशींचं डुक्कर

"एवढं कशाला लागतंय?"

कुठलीही गोष्ट समोर आली की मावशी आधी हे विचारायच्या. रिहे गावातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही कंपनीसाठी भाड्यानं घेतल्या, तेव्हा माझ्या भागीदारानं पाच पानी करार पुढं ठेवला. मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला. "एवढं कशाला लागतंय? नाव लिवा, भाडं लिवा, सही करा." करार एका पानावर आला. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. मी जवळच्याच भरे गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, हे मी कुणी न विचारताच सांगतो. मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आमच्यात अजून न्हाई कुणी." तेव्हापासून मी 'इंजिनेर' झालो.

आम्ही रानडुक्कर ओळखणारी पेटी करत होतो. बांधावर खांब, खांबावर पेटी, आत माईक. डुकराचा आवाज आला की पेटीनं तो ओळखायचा आणि कर्ण्यातून ओरडायचं. ओळखायचं काम न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे असा प्रोग्राम, की ज्याला तेच तेच आवाज ऐकवून शिकवावं लागतं. लॅपटॉपवर, कुत्र्या-मांजरांचे आवाज ऐकवून, ते झकास चालायचं. पण शेतात लॅपटॉप कोण ठेवणार? पेटीत नखाएवढी चिप, ती चालणार वहीएवढ्या सोलर पॅनेलवर, आणि आमचं नेटवर्क काही केल्या तिच्यात मावेना.

मावशी ताक घेऊन वर यायच्या आणि आमची पडलेली तोंडं बघत बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, हे ऐकतं तरी काय? मी म्हणालो, माणसाला ऐकू येतं ते सगळं.

"एवढं कशाला लागतंय? डुक्कर काय रातकिड्यागत बारीक वरडतंय व्हय? त्याचं समदं खाली, पोटात."

आम्ही वरचे बारीक आवाज सोडून दिले. नेटवर्क एकदम आटलं. मग त्यांचं म्हणणं पडलं की ते सारखं कान टवकारून का बसतं? कुत्रं बघा, पडून असतं, खसफस झाली तरच मान वर करतं. आम्ही पेटीला झोपायला शिकवलं. खसफस झाली तरच नेटवर्क जागं व्हायचं. चार वर्षं कॉलेजात काढून जे सुचलं नाही, ते ताकाबरोबर फुकट मिळत होतं. खरं सांगतो, मला रागही यायचा.

डोंगराकडेचं मावशींचं भाताचं खाचर हेच आमचं चाचणीचं रान. दोन वर्षं डुकरांनी तिथला भात आडवा केला होता. दीर मागं लागले होते, की वहिनी, डुकरांसाठी पेरण्यापेक्षा विकून मोकळ्या व्हा. शेवटी मावशींनी शब्द दिला होता, की यंदाही डुकरांनी खाल्लं तर सही करते.

शिकवायला डुकराचे आवाज हवेत, आणि डुकरं रेकॉर्डिंगला वेळ देत नाहीत. महिनाभर माईक टांगून आम्हाला बेडूक मिळाले आणि दिरांचा खोकला.

"मी काढते की," मावशी म्हणाल्या.

जन्मभर मचाणावर बसून राखण केलेली बाई. पदर सारखा केला, खुर्ची पुढं ओढली आणि असा हुंकार काढला की खाली बांधलेली म्हैस दाव्याला हिसडे द्यायला लागली. पुढचे आठ दिवस रोज सकाळी आमच्या ऑफिसात मावशी डुक्कर होत होत्या. तरणं डुक्कर, म्हातारं डुक्कर, पिलांची आई. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भाडं द्यायला उशीर झालेला असला तर माझ्याकडं बघून जरा जास्तच जोरात. कर्ण्यातलं ओरडणंही त्यांचंच भरलं, "निघ हितनं, मुडद्या!"

लोंब्या भरल्या तशी पेटी बसवली. दुसऱ्याच पहाटे डुकरं आली आणि एक कोपरा खाऊन गेली. पेटी गप्प. उजाडल्यावर मावशी नुकसान बघायला बांधावर गेल्या, कमरेवर हात ठेवून "हूंऽऽ" म्हणाल्या, आणि पेटी कडाडली, "निघ हितनं, मुडद्या!"

मावशी दोन पावलं मागं सरल्या. मग चिडून पुढं आल्या आणि पुन्हा हुंकारल्या. पेटीनं पुन्हा हाकललं. हा वाद इतका चालला की अर्धं गाव बांधावर जमलं. दीर हसून हसून खाली बसले.

चूक माझी होती. चिपमध्ये जागा इतकी थोडी, की नेटवर्कनं बाकी सगळं टाकलं आणि एकच गोष्ट धरून ठेवली: मावशी. खरं डुक्कर त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मी मान खाली घालून पेटी काढायला लागलो, तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. मशीन चांगलं हाय. त्याला फकस्त सांगावं लागतंय."

मग कापणीपर्यंत त्या मचाणावर बसल्या. डुकरं डोंगर उतरली की मावशी डुकराचा आवाज काढायच्या, त्यावर पेटी मावशींच्या आवाजात ओरडायची, डुकरं पळायची. मी विचारलं, मावशी, मधे पेटी कशाला? तुम्हीच सरळ ओरडा ना.

"मग तू एवढं शिकलास कशाला?"

भात घरी आला. सही झाली नाही.

उन्हाळ्यात मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स. आमच्या नव्या पेट्या आता खरी डुकरं ओळखतात, बऱ्या खपतात. खाचर यंदा पडीक आहे, आणि दिरांनी गिऱ्हाईक शोधलंय. परवा त्यांनी निरोप धाडला की रविवारी माणसं रान बघायला येतील, तुमचा खांब तेवढा काढा.

गेलो. खांबावर अजून ती पहिलीच पेटी. एक स्क्रू सोडवला, आणि दुसऱ्याला हात घालण्याआधी सहज हुंकारून पाहिलं. पेटी गप्प. मग त्यांनी शिकवला होता तसा, पोटातून काढला. गप्पच. शेवटी मोबाइलवर त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो हुंकार.

"निघ हितनं, मुडद्या!"

स्क्रू होता तसा पुन्हा आवळला, आणि निघालो.