न आखलेल्या पट्ट्यावरची गाडी

न आखलेल्या पट्ट्यावर गाडी लावली म्हणून मला जालन्यात दंड झाला.

अंबडला कोर्टासमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. अठरा वर्षं वकिलांच्या कागदांच्या प्रती काढल्यामुळे मी स्वतःला पाऊण वकील समजतो. (उरलेला पाव म्हणजे पदवी. ती मी किरकोळीत काढली होती.) त्या दिवशी बायको सुनंदा आणि सासरे अण्णा यांना घेऊन जालन्याला गेलो होतो. अण्णांचे डोळे तपासायचे होते. बाजाराजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर खाजगी पार्किंग होतं, तिथं गाडी लावली. तासाभरानं परत आलो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर!

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर गळ्यात शिट्टी अडकवलेला पन्नाशीचा गृहस्थ बसला होता. पृथ्वीवरचा सगळा कायदा आपल्याच शिट्टीतून निघतो, असा त्याचा चेहरा होता.

"गाडी पट्ट्यावर लावली तुम्ही," तो म्हणाला. "पाचशे रुपये दंड."

मी खाली पाहिलं. मुरूम, विटांचे तुकडे आणि एक फाटकी चप्पल.

"कुठायत पट्टे?"

"मारायचेत अजून."

"मंग दंड कशाचा?"

"नकाशात हायेत ना. नकाशा ठेकेदाराकडं हाय."

अण्णांच्या डोळ्यात डॉक्टरांनी औषध टाकलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. ते खाली वाकले, हातानं मुरूम चाचपला आणि काळजीनं म्हणाले, "मला तर काहीच दिसंना. तुम्हाला दिसून राह्यलेत का पट्टे, जावईबापू?"

"न्हाई, अण्णा."

"बाबा, तुमची नजर गेलीय," शिट्टीवाला म्हणाला. "बरोबरच्यांना बघू द्या."

मग मी भांडायला सुरुवात केली. दीड तास भांडलो. आठवतील ती सगळी कलमं त्याच्यावर फेकली. त्यातलं एक कूळकायद्याचं होतं, हे मला घरी आल्यावर कळलं. शिट्टीवाल्यानं एकही कलम अंगाला लावून घेतलं नाही. तो दाढेतली सुपारी काढत राहिला. असल्या लोकांना कुठं तरी शिकवत असावेत, समोरचा ओरडायला लागला की दात कोरायचे म्हणून.

शेवटी गाडीत जाऊन बसलेले अण्णा खाली उतरले. डोळ्यांवर उपरणं धरून म्हणाले, "जावईबापू, बस करा. ऊन सहन होईना." आणि त्यांनी बंडीतून पैसे काढून दिले. शिट्टीवाल्यानं नाव विचारून मशीनमधून पावती काढली. गाडीचा नंबर माझा, नाव सासऱ्याचं.

अंबडला घराच्या दारात उतरल्यावर सुनंदा म्हणाली, "माझ्या बापानं भरला तुमचा दंड."

"मी केस करणार हाय."

"करा. पण दीड तास उन्हात त्यांना बसवलं कुणी, तेबी लिहा त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर पहिलं काम हाती घेतलं. पावती हा मुख्य पुरावा, तो खराब होता कामा नये, म्हणून मी तिचं लॅमिनेशन करायला घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मशीनमधून निघणाऱ्या असल्या पावत्यांचा कागद उष्णतेनं काळा पडतो. हे अख्ख्या अंबडला माहीत आहे, कारण अठरा वर्षं मीच सांगत आलोय. तशी पाटीसुद्धा आहे दुकानात, माझ्याच अक्षरात. पण डोक्यात राग होता. पावती एका बाजूनं आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं तव्यासारखी काळी होऊन बाहेर आली. लॅमिनेशन मात्र उत्तम झालं होतं. एक बुडबुडा नाही.

समोरच्या वकीलसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते आधी मनसोक्त हसले. मग म्हणाले, "ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. पण अण्णांच्या नावानं. पैसे त्यांनी भरले, ग्राहक ते."

"अन् मी?"

"तुम्ही ड्रायव्हर."

मी अण्णांकडं गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते.

"पाचशे रुपयांसाठी मी जालन्याच्या किती चकरा मारू?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न पैशाचा न्हाई, अण्णा. तत्त्वाचा हाय."

"मंग तत्त्व तवाच भरायचं व्हतं तुम्ही. पैसे मी भरले."

मी उठून दुकानात परत आलो. पण चार दिवसांनी अण्णा स्वतःच दुकानात आले. नवा चष्मा लावला होता. म्हणाले, "त्यानं मला आंधळा ठरवला. नसलेला पट्टा दाखवून राह्यला. त्या दिवसापासून मी जमिनीकडं बघत चालून राह्यलो. सही कुठं करू?"

तक्रार मीच टाईप केली. अकरा पानं झाली. वकीलसाहेबांनी त्यातली नऊ काढून टाकली.

सुनावणीच्या दिवशी ठेकेदार वकील घेऊन आला. पांढरे बूट, हातात जाडजूड फाईल. प्रकरण पुकारल्याबरोबर मी उभा राहिलो.

"आपण कोण?" अध्यक्ष मॅडमनी विचारलं.

"जावई."

"बसा."

मग त्यांनी पावती मागितली. मी पुन्हा उभा राहून ती दिली. मॅडमनी उजेडाकडं धरून पाहिलं, उलटी करून पाहिलं.

"हा एक्स-रे कुणाचा?" ठेकेदाराच्या वकिलानं विचारलं.

"पावती हाय ती," मी म्हणालो, आणि तिच्यावरचा मजकूर तारीख-वेळेसकट तोंडपाठ म्हणायला लागलो.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

ठेकेदाराला जोर चढला. त्याच्या वकिलानं फाईलमधून मोठ्ठा रंगीत फोटो काढला. माझी गाडी, तिचा नंबर, पिवळा जॅमर आणि खाली दंडाच्या पावतीचा क्रमांक. "वाहन पट्ट्यावर उभं असल्याचा हा पुरावा," तो म्हणाला. दंड घेतल्याची जी गोष्ट मला काळ्या कागदातून सिद्ध करता आली नसती, ती त्या शहाण्यांनी स्वतःच्या खर्चानं छापून आणली होती.

मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिला. "पट्टे कुठं आहेत?"

वकिलानं ठेकेदाराकडं पाहिलं. ठेकेदारानं बुटांकडं पाहिलं. "नकाशात, मॅडम."

"गाडी नकाशात उभी होती का?"

मी हसत हसत उभा राहिलो. तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "बसा."

त्यांनी अण्णांना काही सांगायचंय का, असं विचारलं. अण्णा काठीवर भार देऊन उठले. "मॅडम, माझ्या डोळ्यात औषध व्हतं. मला वाटलं, मलाच दिसंना. एवढंच सांगा, पट्टा व्हता का?"

"नव्हता, बाबा."

"मंग माझं काम झालं," अण्णा म्हणाले आणि बसले.

निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. दंड परत, येण्याजाण्याचा खर्च, आणि जमिनीवर पट्टे मारल्याशिवाय कुणाला दंड करायचा नाही अशी ताकीद. त्या निकालाची प्रत मागायला आता गावोगावचे लोक माझ्या दुकानात येतात. अण्णांचं नाव पानापानावर आहे. माझा उल्लेख एकदाच आहे, दुसऱ्या पानाच्या तळाशी: 'तक्रारदारासोबत आलेल्या इसमास तीन वेळा खाली बसण्याची समज द्यावी लागली.'

परवा एका गिऱ्हाइकानं काउंटरवरच ते वाचलं, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा इसम कोण हो?"

मी मशीनचं झाकण लावलं. "असंल कुणीतरी अडाणी. किती प्रती काढू?"