डोळे मिटा आणि शेत बघा

"सगळ्यांनी डोळे मिटा आणि मोठा श्वास घ्या," ट्रेनर मॅडम म्हणाल्या.

दिवाळी पाडव्याचा दिवस. सकाळचे अकरा वाजलेले. आमच्या रिसॉर्टच्या बावीसही खोल्या भरलेल्या. एक वाजता पाहुण्यांना जेवण द्यायचं होतं आणि स्वयंपाकघरातली चारही माणसं हॉलमध्ये मांडी घालून बसली होती.

मी भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर ड्यूटी मॅनेजर आहे. ड्यूटी मॅनेजर म्हणजे मालक पुण्यात असताना पाहुणे ज्याच्यावर ओरडतात तो माणूस. माझं गाव वेल्ह्याकडचं विंझर. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मुलाखतीत माझं इंग्रजी दोनदा अडलं, तरी मालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला घेतलं. हे मी विसरलेलो नाही. म्हणून त्यांचा शब्द मी सहसा खाली पडू देत नाही.

त्या वर्षी साहेबांचा शब्द होता 'ब्लॅकआउट'. हॉटेलच्या भाषेत याचा अर्थ, या दिवसांत कुणालाही सुट्टी नाही. लोक कातावले. स्वयंपाकघरात झाऱ्यावरून भांडण झालं. साहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी लगेच उपाय केला. सुट्टी दिली नाही. स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन दिलं.

खरा प्रश्न कमल मावशींचा होता. त्या आमच्या मुख्य आचारी, राहणार जवळच्या उत्रोलीत. दोन दिवस त्या माझ्यामागे होत्या.

"दादा, अर्धा दिस सोडा. भात कापून शेतात पडलंय. ह्यांचा पाय पलास्टरमदी. भारं कोन बांधनार?"

आमच्याकडे भातकापणी नेमकी दिवाळीत येते. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळू देतात आणि मग भारे बांधून घरी आणतात. त्या मधल्या दिवसांत पाऊस आला की दाण्याला कोंब फुटतात. मग वर्षभर खायचा तांदूळ कोंबड्यांपुढे टाकावा लागतो. मी साहेबांना फोन करून हे सगळं समजावलं.

"म्हणजे तिला शेतीचं टेन्शन आहे," साहेब म्हणाले. "महेश, तिला सेशनला पहिल्या रांगेत बसव."

मी बसवलं.

पुढची चूक माझीच. सेशनआधी मॅडमनी मला विचारलं, "या लोकांना कुठे शांत वाटतं?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेतात."

मॅडमनी छोटी घंटी वाजवली. "तुम्ही आपल्या शेतात उभे आहात. समोर सोनेरी भात आहे. गार वारा सुटलाय."

इथवर ठीक होतं.

"वेल्ह्याच्या डोंगरावरून काळे ढग येतायत... हळूहळू... तुमच्याच दिशेने..."

पहिल्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. आमचा वेटर दत्तू याने एक डोळा उघडला.

"आणि आता पावसाचा एक थेंब तुमच्या गालावर..."

"अवो बाई!" कमल मावशी उभ्याच राहिल्या. "पाऊस कशाला पाडताय? भात उघडं पडलंय माजं!"

"मावशी, हा मनातला पाऊस आहे. त्याला येऊ द्या."

"न्हाई येऊ देनार! मनातला बी नगं!"

"मॅडम, पाडायचाच तर पुण्यात पाडा की," दत्तू म्हणाला. "तिथं कुनाचं काय पडलंय उघडं?"

"रागाकडे जरा दुरून बघा," मॅडमनी पुन्हा घंटी वाजवली.

"लांबनं काय बगू? तितंच जाऊन बगते!"

तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला. विंझरहून आईचा फोन होता. "हितं थेंब पडाय लागलेत रं. तुज्याकडं काय?"

मी खिडकीतून पाहिलं. धरणाच्या वरचं आभाळ काळं झालं होतं. साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी मलाही श्वास घ्यायला सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही.

"मावशी, जेवणाचं काय काय झालंय?"

"आमटी-भाजी हाय. पोळ्या न्हाईत."

"पोळ्यांचं मी बघतो. दत्तू, टेम्पो काढ. स्विमिंग पूल झाकायची ताडपत्री घे. आणखी कोणाला जायचंय?"

सगळेच उठले. मी दोघांना ठेवून घेतलं. हॉलमध्ये मॅडम आणि घंटी एवढंच उरलं.

त्या दिवशी मी साठ पोळ्या लाटल्या. त्यांतली एकही गोल नव्हती. पावणेएकला पाऊस आला. पाहुणे व्हरांड्यात जमले, "वॉव" म्हणाले आणि त्यांनी कांदाभजी मागवली. भजी तळताना मी उत्रोलीच्या दिशेला बघत होतो. मॅडमनी आत येऊन विचारलं, "जेवण कधी लागणार?"

चार वाजता मावशी परत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल.

"तीन वाटं आलं घरात," त्या म्हणाल्या. "येक वाटा भिजला. त्यो त्या बाईच्या नावानं." आणि हात धुऊन कणकेला लागल्या.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले. 'आजच्या सत्रात सर्वांत उपयोगी काय वाटलं?' मावशींनी मला लिहायला सांगितलं, "मदीच सोडलं त्ये." मी तसंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "महेश, रिपोर्ट वाचला. सेशनमध्ये स्टाफमध्ये एकदम एनर्जी आली म्हणे!"

"साहेब, मी त्यांना घरी सोडलं होतं."

"हो, त्याचा मेमो तुला वेगळा येईल. पुढच्या दिवाळीला आपण दोन सेशन ठेवू."

साहेबांचे उपकार मी आजही मानतो. मेमोवर सही करून मी तो परत पाठवला. या नोकरीत एक गोष्ट मात्र शिकलो. दुसऱ्याला डोळे मिटायला सांगण्याआधी आपण एकदा बाहेर जाऊन आभाळ बघून यावं.